पाच वाजताचा कोंबडा

भर दुपारी तीन वाजता कोंबडा आरवला, तेव्हा माझा नवरा नुकताच झोपला होता.

नवरा रेल्वेत इंजिन ड्रायव्हर. हल्ली त्याला लोको पायलट म्हणतात, पण त्यामुळे झोप वाढलेली नाही. रात्रभर मालगाडी हाकून तो दुपारी एकला घरी आला होता आणि संध्याकाळी त्याला पुन्हा ड्यूटीवर जायचं होतं. भुसावळातली आमची सोसायटी रुळांच्या कडेला आहे. निम्मी बिऱ्हाडं रेल्वेत कामाला, उरलेली निम्मी रेल्वेतून निवृत्त. रोज दीडशे गाड्या धडधडत गेल्या तरी इथे कुणी कूस बदलत नाही, पण दुपारी कुणाच्या कुकरची शिट्टी झाली तर भांडणं होतात. मी शाळेत शिकवते; धुळ्याहून बदली होऊन येऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते, तरी एवढा कायदा मला कळला होता. कोंबड्याला मात्र तो कुणी सांगितलेला दिसत नव्हता.

कोंबडा पुन्हा आरवला. नवरा अंथरुणात उठून बसला आणि मी पदर खोचून खाली उतरले. आवाज सोसायटीच्या हॉलमधून आला होता. बघते तर सत्तरीचा एक गृहस्थ खिडकीच्या गजांना धरून, मान वर करून, डोळे मिटून आरवायच्या पवित्र्यात उभा होता. अंगात बंडी, खाली इस्त्रीची पँट. मागे दहा-बारा पोरं तोंडावर हात दाबून हसत होती. त्यात माझी मुलगी सईसुद्धा होती. मी तिला गणिताच्या पुस्तकासमोर बसवलं होतं.

“अहो, काय चाललंय हे?” मी शाळेतल्या आवाजात म्हणाले.

“थांबा व ताई,” ते मान न वळवता म्हणाले, “अजून एक बाकी हाय. चोरी करताना दोनदा सापडलो. मंग दोनदा आरवा लागते ना!” आणि माझ्यादेखत ते तिसऱ्यांदा आरवले. मी दोन ऐकले होते, म्हणजे हा एक जास्तीचा होता. तो माझ्या स्वागतासाठी असावा.

हे टीसी नाना. पुंडलिक चौधरी असं कागदोपत्री नाव, गाव यावलकडचं, घरच्या केळीच्या बागा भावांकडे. स्वतः चौतीस वर्षं गाड्यांमधून तिकिटं तपासत फिरले. निवृत्त झाल्यावर लोक देवळात जाऊन बसतात किंवा शुगर तपासत बसतात. नानांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत सोसायटीच्या हॉलमध्ये पोरांचे खेळ सुरू केले. आमच्याकडच्या मे महिन्यात दुपारी बाहेर खेळायला पाठवणं म्हणजे पोर भाजायला ठेवणं. घरात ठेवावं तर बाप झोपलेला. म्हणून चौथी ते सातवीची सगळी जनता एक ते पाच नानांच्या ताब्यात. हॉलच्या दारात त्यांच्या बायकोचा, म्हणजे नानींचा, एक जुना कुकर ठेवलेला असे. घरून आणलेला मोबाइल त्यात टाकायचा आणि नाना झाकण लावणार. “शिजू दे जरा,” म्हणायचे.

त्या दिवशी मी भांडायला गेले आणि तह करून आले. आरवायचं ते पाच वाजता, तोवर चिडीचूप. नानांनी मान्य केलं. “ड्रायव्हरची झोप मोडली त गाडी रुळावरून उतरीन, अन् नाव माहं येईन,” असं वर मलाच समजावलं. तेव्हापासून त्या हॉलमध्ये फक्त मुके खेळ चालू झाले आणि पाचाच्या ठोक्याला दिवसभराचे कोंबडे एकदम बाहेर पडू लागले. आमच्याकडे बायका त्यावर चहाचं आधण ठेवायच्या.

खेळ तसे जुनेच, पण नावं नानांची. सगळ्यात लाडका खेळ ‘विदाउट’. रेल्वेत बिनतिकीट प्रवाशाला विदाउट म्हणतात. सगळ्यांनी गोल बसून डोळे मिटायचे. नाना मागून फिरत एकाच्या डोक्याला हात लावणार, तो विदाउट. मग डोळे उघडायचे आणि विदाउटने हळूच कुणाला तरी डोळा मारायचा. ज्याला मारला त्याने मनात पाच मोजून मरून पडायचं, तेही आवाज न करता. मधे बसलेल्या टीसीने विदाउट कोण ते ओळखायचं. बारा पोरं एका खोलीत असून फक्त कूलरची घरघर ऐकू येते आणि अधूनमधून एखादं मूल धप्पकन कलंडतं, हे दृश्य मी शाळेतल्या शिस्तीच्या तासाला कधी पाहिलेलं नाही.

दुसरा खेळ ताटाचा. नाना ताटात वीस वस्तू मांडणार. चावी, कंगवा, लवंग, सुतळी, नानींची बांगडी, काय वाट्टेल ते. मिनिटभर बघू द्यायचं, वर पंचा टाकायचा आणि पोरांनी आठवून सांगायचं.

आणि प्रत्येक खेळात नाना चोरी करायचे. उघड, निर्लज्ज, सराईत चोरी. ताटातली काडेपेटी पंचा टाकतानाच उचलून खिशात घालायचे आणि पोरानं नाव घेतलं की कपाळाला आठ्या घालून म्हणायचे, “काडेपेटी? कोनती काडेपेटी? म्या ठेवलीच नाही. तुले सपन पडलं काय रे?” पोर गप्प बसलं की त्याचा गुण गेला. पोरानं “नाना, तुमच्या खिशात आहे” म्हटलं की पकडलं! नाना पाच वाजता आरवणार.

मला हे अजिबात पटलं नव्हतं. मी म्हटलं, “नाना, मुलांसमोर मोठ्यांनीच लबाडी करायची?”

“ताई, तुम्ही शाळेत खरं बोलाले शिकवता. शिकवा. पन खोटं बोलनारा समोर आला त काय करायचं, ते कोन शिकवते? मी चोरी करीन, यायनं पकडायचं. पकडलं नाही त मी मोकळा.”

यावर मी त्यांना खेळांच्या शैक्षणिक उद्दिष्टांबद्दल दहा मिनिटं ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि निघताना माझी पर्स माझ्या हातात दिली. मी बोलत असताना त्यांनी ती पळवली होती.

पकडायची विद्यासुद्धा तेच शिकवत. “तोंडाकडे पाहूच नका,” ते सांगायचे. “तोंड लय शिकेल असते. चौतीस वर्षं म्या कोनाचं तोंड पाहिलं नाही. खाली पाहाचं. मानूस खोटं बोलला का पाय बोलते.” त्यांचं स्वतःचं गुपितही त्यांनी लपवलं नव्हतं. चोरी केली की नानांच्या उजव्या पायाचा अंगठा हलायचा. हॉलमध्ये सगळे अनवाणी. चेहरा साधूसारखा आणि खाली अंगठा हलतोय, असा प्रकार.

नानी शिरपूरकडच्या, बोलणं अहिराणी. त्या दारातूनच ओरडायच्या, “काय करी ऱ्हायनात? बठ्ठी कॉलनी आयकी ऱ्हायनी! तुमले लाज शे का नई?” आणि मग आत येऊन पोरांना केळीचे वेफर्स वाटून जायच्या. जाताजाता एखाद्या पोराच्या कानात नानांनी काय लपवलंय तेही सांगून जायच्या. घरचाच भेदी होता.

आता सईचं सांगते. सई तेव्हा पाचवीत गेलेली, आणि माझ्या कृपेने अतिशय गुणी. गुणी म्हणजे मोठ्यांनी दिवसाला रात्र म्हटलं तरी ती दिवा लावायला जाणार. नानांनी तिच्या डोळ्यांदेखत लवंग तोंडात टाकली आणि “लवंग नव्हतीच” म्हणाले, तर ही “हो, नव्हती” म्हणाली आणि घरी येऊन रडली. मी म्हटलं, “मग सांगायचं ना!” ती म्हणाली, “तूच म्हणतेस मोठ्यांना उलट बोलायचं नाही.” मी स्वयंपाकघरात निघून गेले. अशा वेळी स्वयंपाकघर फार सोयीचं पडतं.

तिने पहिल्यांदा नानांना पकडलं त्याला पूर्ण तीन आठवडे लागले. मी दारातच होते. नानांनी बांगडी बाहीत सरकवली आणि छताकडे पाहत बसले. सईचा चेहरा लाल झाला आणि ती इतक्या हळू “पकडलं” म्हणाली की कूलर बंद करून पुन्हा म्हणायला लावावं लागलं. पाच वाजता नाना असे काही आरवले की पलीकडच्या गल्लीतल्या खऱ्या कोंबड्याने उत्तर दिलं. रात्रपाळीचे चार ड्रायव्हर बाल्कनीत येऊन टाळ्या वाजवून गेले. त्यानंतर माझ्या घरात मला सुख राहिलं नाही. फोनवर कुणाला “अगं, मी बाहेर आहे” म्हटलं की ही माझ्या पायांकडे बघायला लागली.

दोन वर्षं अशी गेली. तिसऱ्या वर्षी थंडीत नानी गेल्या. फार सहज गेल्या, भाजी निवडता निवडता. उन्हाळा लागला तसा नानांनी हॉल उघडला आणि आम्हाला सगळ्यांनाच बरं वाटलं.

एका संध्याकाळी सई घरी आली ती काही खाईना. म्हणाली, “आई, आज नाना म्हणाले ताटात चावी नव्हती. मी म्हटलं, पकडलं. त्यांनी खिसे उलटे करून दाखवले. खिशात नव्हती.”

“मग?”

“चावी ताटातच होती, पंच्याखाली. सगळ्यांना दिसत होती.” मग म्हणाली, “आणि अंगठा हलला नाही, आई.”

मला खूप वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त भीती वाटली. हळूहळू बाकीचंही कानावर आलं. एकदा दुधाचं पातेलं आणि गॅस, दोन्ही तसंच सोडून ते हॉलमध्ये येऊन बसले. वासावरून मीच जाऊन बंद केला. कुणाला बोलले नाही. मग एक दिवस ते इस्त्रीची पँट घालून जळगावच्या पॅसेंजरमध्ये चढले आणि लोकांची तिकिटं तपासायला लागले. लोकांनी मुकाट्याने दाखवलीसुद्धा. दोन विदाउट त्यांनी खरोखर पकडले म्हणे! पण ड्यूटीवरच्या टीसीने त्यांना ओळखलं आणि हाताला धरून घरी आणलं, आणि पुण्याला त्यांच्या मुलाला फोन केला.

मुलगा प्रशांत म्हणाला, येतो, स्वतःच्या डोळ्यांनी बघतो आणि तसं असेल तर घेऊन जातो.

नाना त्या संध्याकाळी माझ्याकडे आले. खुर्ची दिली तर उभेच राहिले. “ताई,” म्हणाले, “तठी सातव्या मजल्यावर घर हाय. दोघं कामावर जाते. मी काय करू तठी? कोनाले पकडू? मले कोन पकडीन?” मग खिशातून किल्ली काढून म्हणाले, “हे कायची चावी हाय, सांगा बरं?” ती त्यांच्या घराचीच होती. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, आणि मला वाटलं की हा माणूस आता रडेल. रडले नाहीत. माझ्या टेबलावरचं पेन हळूच उचलून गेले. त्या पेनाने मला उगीचच धीर आला.

मी पोरांना काही सांगितलं नाही. एवढं मात्र खरं, की मी काही विचारलंही नाही. प्रशांत आला त्या दुपारी मी मुद्दाम हॉलमध्ये जाऊन बसले. तो भिंतीला टेकून बसला होता. चाळिशीचा, बापासारखंच नाक, चेहरा थकलेला. नानांनी ताट मांडलं, पंचा टाकला.

“कंगवा,” एक पोरगा म्हणाला.

“कंगवा नव्हता.” कंगवा पंच्याबाहेर डोकावत होता.

“पकडलं!” बारा पोरं एकदम, पण कुजबुजत ओरडली आणि हसायला लागली. “नाना, काय भारी चोरी!” नाना गोंधळले, मग हसले. पुढे त्यांनी सुतळीला दोरा म्हटलं, पकडलं! एकाच पोराला दोनदा विचारलं, पकडलं! प्रत्येक चुकीवर पोरं अशी काही खूश होत होती की परक्या माणसाला वाटावं, वा, म्हातारा काय रंगात आलाय. मग नाना सईकडे वळून म्हणाले, “शोभा, तू सांग.”

शोभा हे नानींचं नाव. प्रशांतने मान वर केली.

“ओ!” सई म्हणाली. आणि मग प्रशांतकडे बघून, डोळ्याची पापणी न हलवता, “काका, आज नाव बदलायचा खेळ पण आहे. मी शोभा.” दिवसाला रात्र म्हणणारी माझी मुलगी! मला तिचा अभिमान वाटला. शिक्षिकेला वाटू नये तो आणि तेवढा वाटला.

प्रशांतने नजर खाली केली आणि गोलभर फिरवली. सावकाश, एकेक करून. मग तो उठून बाहेर गेला. मी मागोमाग गेले.

“ताई,” तो म्हणाला, “आत बारा पोरांचे अंगठे हलत होते. तेरावा तुमचा.”

मी चप्पल शोधू लागले.

“मलापण त्यांनीच शिकवलंय,” तो म्हणाला. “लहानपणी माझी पेन्सिल पळवायचे, मी पकडेपर्यंत शाळेत जाऊ द्यायचे नाहीत. आज फक्त बाबांचा अंगठा हलला नाही. एकदाही नाही. मला वाटत होतं हलावा.” मग मी त्याला गॅसचं सांगितलं. तो म्हणाला, “हे मला आधी सांगायला हवं होतं.” सांगायलाच हवं होतं. आम्हाला सगळ्यांना नाना हवे होते, म्हणून आम्ही चोरी केली. त्यात नानांचं काही बरंवाईट झालं असतं, हे मी शिकलेली बाई विसरले होते.

तो आत गेला आणि पोरांना म्हणाला, “पकडलं.”

पोरांनी माना खाली घातल्या. पाच वाजता सगळी ओळीने खिडकीशी उभी राहून आरवली. मीही आरवले. शाळेत हे कळू नये म्हणून देवाला काय काय बोलले ते सांगत नाही.

“काय केलं यायनं?” नानांनी विचारलं.

“चोरी केली, बाबा. तुमच्यासाठी.”

“सापडले कसे?”

“सगळ्यांचे अंगठे हलले.”

नाना खरोखर नाराज झाले. “मंग मी तीन वर्षं काय शिकवलं यायले?” म्हणाले.

चार दिवसांनी आम्ही सगळे त्यांना पोचवायला स्टेशनवर गेलो. प्रशांतने एसीची तिकिटं काढली होती. काचेतून काही दिसत नाही म्हणून नाना दारात उभे राहिले, आणि पडू नयेत म्हणून प्रशांतने मागून त्यांचा पट्टा धरून ठेवला होता. मी वाकून नमस्कार केला तर त्यांनी “तिकीट हाय ना?” विचारलं. मला ओळखलं नव्हतं. सईलाही नाही. ती शोभासुद्धा नव्हती त्या दिवशी. पोरांनी वेफर्सचं पाकीट दिलं ते त्यांनी घेतलं आणि कुणाचं म्हणून विचारलं.

शिट्टी झाली. गाडी हलली. नाना सगळ्यांकडे एकेक करून बघत होते, तिकीट तपासताना बघावं तसं. आणि मग त्यांनी डोळा मारला.

पहिल्या पोराला कळायला वेळ लागला. त्याने पाच मोजले असावेत, कारण मग तो फलाटावर मरून पडला. नानांनी दुसऱ्याला डोळा मारला, तिसऱ्याला मारला. पोरं धपाधप पडायला लागली. एक हमाल पाणी घेऊन धावला, चहावाला किटली टाकून आला. गाडीबरोबर चालता चालता मी बघितलं, तर नानांनी मला डोळा मारला. अंगावर खळीची साडी, आजूबाजूला अर्धं गाव ओळखीचं. मी पाच मोजले आणि पार्सलांच्या ढिगावर आडवी झाले. आयुष्यात इतकी रडले नव्हते.

सई तेवढी पडली नाही. ती गाडीबरोबर पळत होती. “पकडलं!” ती ओरडली. हळू नाही, अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल असं. “नाना, तुम्ही विदाउट! पकडलं!”

डब्याच्या दारातून कोंबडा आरवला. लांब गेला तरी ऐकू येत होता. फलाटावरचे मेलेले एकेक करून उठले आणि कपडे झटकू लागले.

सई परत आली. तिने आधी स्टेशनच्या घड्याळाकडे बघितलं आणि मग बाहीने डोळे पुसले.

“आई, पाच नाही वाजले अजून,” ती म्हणाली. “नानांनी परत चोरी केली.”